वैद्यकीचें नोंदबुक
(मुंबई इलाख्यांतील वैद्य व डॉक्टर यांच्या मागण्यांचा इतिहास, इ. स. १८५८ ते १९३८)

१

जुन्या वैद्यघराण्यांचीं दप्तरें ज्यांनीं चाळलीं आहेत त्यांस एक गोष्ट अनुभवानें ठाऊक असते. बासनांत माधवनिदान, शार्ङ्गधरसंहिता, योगरत्नाकर, लोलिंबराजाचें वैद्यजीवन यांच्या पोथ्या निघतात. मोडींत लिहिलेलीं औषधयोगांचीं बाडें निघतात, व त्यांच्या समासांत 'अनुभूत' असा शेराही आढळतो. पण याच बासनांच्या तळाशीं कधीं कधीं छापील कागदही असतात. एखाद्या वैद्यपरिषदेचें निमंत्रण, सरकाराकडे केलेल्या अर्जाची प्रत, 'भिषक्' किंवा 'विशारद' पदवीचें प्रमाणपत्र, नोंदणीचा दाखला असे ते कागद होत. पोथ्या संग्रहांत जातात. छापील कागद रद्दींत जातात. वस्तुतः त्या घराण्याच्या इतिहासाचें शेवटचें प्रकरण त्या छापील कागदांतच असतें. तें प्रकरण काय होतें व त्याचें महत्त्व कोणतें, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रश्न थोडक्यांत असा. अमुक मनुष्य वैद्य होय, असें ठरविण्याचा अधिकार कोणाचा? गुरूचा, राजाचा, कीं व्यवसायबंधूंच्या सभेचा? आपल्याकडे या प्रश्नास निरनिराळ्या काळीं निरनिराळीं उत्तरें मिळालीं. इ. स. १८५८ ते १९३८ या ऐशीं वर्षांत जें उत्तर रूढ झालें तें असें कीं, सरकारच्या कायद्यानें स्थापिलेल्या मंडळाच्या नोंदबुकांत ज्याचें नांव तो वैद्य. हा बदल केवळ वरून लादला गेला अशी एक समजूत आहे. ती पुरती खरी नाहीं. प्रत्येक टप्प्यावर अर्ज करणारे, सभा भरविणारे, शिष्टमंडळें नेणारे स्वतः वैद्य व डॉक्टरच होते.

२

प्रथम आपल्या शास्त्रकारांचें मत पाहूं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील दहाव्या अध्यायाचें नांव विशिखानुप्रवेशनीय असें आहे. विशिखा म्हणजे रस्ता. त्या रस्त्यावर पाऊल टाकणें म्हणजे वैद्यकीस आरंभ करणें. हें पाऊल कोणीं टाकावें याच्या अटी तेथें क्रमानें सांगितल्या आहेत. त्यानें शास्त्र पढलेलें असावें. त्याचा अर्थ जाणलेला असावा. कर्में डोळ्यांनीं पाहिलेलीं असावींत. स्वतः हातानें सराव केलेला असावा. शास्त्र दुसऱ्यास सांगतां यावें. आणि यानंतर राजाची अनुज्ञा असावी. नखें-केस कापलेले असावे, वस्त्र शुभ्र असावें, वेष उद्धट नसावा, हें पुढें आहेच. या क्रमाकडे आम्ही वाचकांचें लक्ष मुद्दाम वेधतों. राजाची अनुज्ञा ज्ञानाच्या व सरावाच्या मागून येते. ती ज्ञान उत्पन्न करीत नाहीं. असलेल्या ज्ञानावर मोहर उठविते.

याच स्थानाच्या तिसऱ्या अध्यायांत केवळ शास्त्र जाणणारा व केवळ कर्म जाणणारा हे दोघेही अपुरे ठरवून त्यांस एका पंखाच्या पक्ष्याची उपमा दिली आहे, आणि लोभी कुवैद्य लोकांचे प्राण घेतो तो राजाच्या दोषामुळें, असें स्पष्ट म्हटलें आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील एकोणतिसाव्या अध्यायांतही प्राणाभिसर व रोगाभिसर असे वैद्यांचे दोन वर्ग करून, दुसऱ्या वर्गांतील लोक वैद्याचें सोंग घेऊन राष्ट्रांत फिरतात तें राजांच्या प्रमादामुळें, असाच अभिप्राय दिला आहे. दोन्ही आचार्यांनीं दोष राजावर ठेवला आहे. वैद्यांच्या सभेवर नव्हे. चरकाच्या विमानस्थानांत वैद्यांच्या संभाषेचें विस्तृत वर्णन आहे. परंतु ती संभाषा ज्ञानवृद्धीसाठीं व वादासाठीं आहे, कोणास धंद्याची परवानगी देण्यासाठीं नाहीं.

स्मृतिकार व अर्थशास्त्रकार यांची दृष्टि निराळी आहे. ते अपराध घडल्यावर दंड सांगतात. कौटिल्यानें कंटकशोधनाच्या आरंभींच्या अध्यायांत वैद्यास असें बजावलें आहे कीं, प्राणसंकटाची व्याधि असतां ती न कळवितां उपचार केला व रोगी दगावला तर पूर्वसाहसदंड, आणि उपचाराच्याच दोषानें दगावला तर मध्यमसाहस. याज्ञवल्क्यानें खोटी वैद्यकी करणाऱ्यास पशूच्या बाबतींत प्रथम, मनुष्याच्या बाबतींत मध्यम व राजपुरुषाच्या बाबतींत उत्तम दंड सांगितला आहे. रोग्याच्या दर्जाप्रमाणें दंड वाढावा हें आज कोणास रुचणार नाहीं. पण त्या काळच्या व्यवस्थेचें स्वरूप त्यावरून उघड होतें.

सारांश, प्राचीन व्यवस्थेंत आधीं अनुज्ञा होती व मागून दंड होता. मध्यें नांवांची यादी नव्हती. यादी ही अर्वाचीन वस्तु आहे. पुढील सर्व इतिहास या यादीचा आहे.

३

आपल्या प्रदेशांत अशा यादीचें पहिलें ठळक चिन्ह आम्हांस पोर्तुगीज गोव्यांत दिसतें. तेथें हिंदु वैद्यांस 'पंडित' म्हणत. गार्सिया द ओर्ता यानें १५६३ सालीं गोव्यांत छापलेल्या आपल्या औषधिविषयक संवादग्रंथांत देशी वैद्यांच्या ज्ञानाची दखल घेतली आहे. एकीकडे ख्रिस्ती रोग्यांनीं हिंदु वैद्यांकडे जाऊं नये असे धर्मसभेचे निर्बंध, व दुसरीकडे खुद्द मोठमोठे अधिकारी याच पंडितांचें औषध घेत, अशी ती विचित्र स्थिति होती. अखेर १६१८ सालीं गोव्याच्या नगरसभेनें असा नियम केला कीं, मुख्य राजवैद्याकडून परीक्षा झाल्यावांचून कोणी वैद्यकी करूं नये, आणि हिंदु वैद्यांची संख्या तिसांवर जाऊं नये. परीक्षा ही रोग्याच्या रक्षणासाठीं म्हणतां येईल. पण तिसांची मर्यादा कशासाठीं? ज्ञानास संख्येची सीमा नसते, बाजारास असते. पुढच्या काळांतील प्रत्येक कायद्यांत हे दोन हेतु, रोग्याचें रक्षण व धंद्याचें रक्षण, असेच एकमेकांत गुंतलेले आढळतील.

मराठी राज्यांत अशी यादी नव्हती. चांगल्या वैद्यास इनाम मिळे, नेमणूक मिळे, लष्कराबरोबर जाण्याचा मान मिळे. वाईट वैद्यास रोगी मिळेनासे होत. राजाश्रय होता, पण ज्यास तो नाहीं त्यानें औषध देऊं नये असें कोणी म्हणत नसे.

४

ज्या कायद्याचें वळण पुढें आपल्याकडे आलें तो इंग्लंडचा १८५८ चा वैद्यक कायदा होय. एक योगायोग नमूद करण्यासारखा आहे. कंपनीचें राज्य संपवून हिंदुस्थानचा कारभार राणीच्या हातीं देणारा कायदा व हा वैद्यक कायदा, या दोहोंस एकाच दिवशीं, म्हणजे १८५८ च्या ऑगस्टच्या २ तारखेस, राजसंमति मिळाली.

त्या पूर्वीं इंग्लंडांत वैद्यकीचे परवाने देणाऱ्या सुमारें वीस संस्था होत्या. कोणाचा परवाना लंडनपुरता, कोणाचा फक्त शस्त्रक्रियेचा, कोणाचा औषधें विकण्याचा. यांतील अव्यवस्थेविरुद्ध टॉमस वेकली यानें १८२३ सालीं 'लॅन्सेट' पत्र काढून प्रहार सुरू केला. राजधानीबाहेरच्या सामान्य डॉक्टरांस एकत्र आणण्यासाठीं चार्ल्स हेस्टिंग्स यानें १८३२ सालीं वूस्टर येथें जी सभा स्थापिली, तीच पुढें ब्रिटिश मेडिकल असोसिएशन या नांवानें प्रसिद्ध झाली. या लोकांच्या खटपटीनें पार्लमेंटांत एकामागून एक बिलें आलीं व पडलीं. शेवटीं जॉन सायमन याच्या मसुद्याच्या आधारें कौपर यानें आणलेलें बिल पसार झालें. त्यानें एक जनरल मेडिकल कौन्सिल व एक नोंदबुक निर्माण केलें.

या कायद्यांत काय नाहीं हेंही पाहिलें पाहिजे. नोंद नसलेल्यानें औषध देऊं नये असें त्यांत म्हटलेलें नाहीं. खोटेंच 'मी नोंदलेला आहें' असें म्हणणें एवढाच गुन्हा ठरविला. नोंद नसलेल्यास फीसाठीं कोर्टांत दावा आणतां येत नसे, कायदेशीर दाखले देतां येत नसत, सरकारी जागा मिळत नसे. शिवाय वैद्यकाच्या एखाद्या विशिष्ट मताचा आग्रह परीक्षकांनीं उमेदवारावर धरूं नये, असेंही एक कलम होतें. त्याचा लाभ होमिओपाथीच्या अनुयायांस झाला. म्हणजे मूळ इंग्रजी कायद्यांत मतभेदास जागा ठेवलेली होती. आपल्याकडे आलेल्या प्रतींत ही जागा कशी आकसली, तें पुढें दिसेल. सामान्य डॉक्टरांनीं निवडलेले प्रतिनिधि त्या कौन्सिलांत यावे ही मागणी मात्र मान्य होण्यास १८८६ साल उजाडावें लागलें.

५

मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालीं निघालें. त्याच्या पहिल्या पदवीधरांत, म्हणजे १८५१ सालीं, डॉ. भाऊ दाजी लाड होते. आमच्या वाचकांस ते शिलालेखांचे वाचक व प्राच्यविद्येचे पंडित म्हणून परिचित आहेत. परंतु पाश्चात्य वैद्यक शिकूनही देशी वनस्पतींचा शोध घेणारे व कुष्ठरोगावर देशी औषधाचे प्रयोग करणारे वैद्य म्हणूनही त्यांचें स्मरण येथें उचित आहे. त्यांच्या हयातींत (ते १८७४ सालीं वारले) नोंदबुक नव्हतें. त्यामुळें दोन्ही वैद्यकांचा संबंध ठेवल्याबद्दल त्यांस कोणी जाब विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

पदवीधरांची संख्या वाढली तशी त्यांची संघटना झाली. १८८३ सालीं बॉम्बे मेडिकल युनियन ही सभा स्थापन झाली. इंडियन मेडिकल सर्व्हिस या लष्करी नोकरींतील गोऱ्या अंमलदारांकडे इलाख्यांतील बहुतेक मोठीं इस्पितळें व अध्यापकांच्या जागा होत्या, ही या डॉक्टरांची मुख्य तक्रार. डॉ. खुर्शेदजी बहादुरजी यांनीं १८९० नंतरच्या दशकांत हा प्रश्न काँग्रेसपुढें नेला. डॉ. (पुढें सर) भालचंद्र कृष्ण भाटवडेकर हेही या पिढींतील अग्रणी. ही मागणी न्याय्य होती यांत संशय नाहीं. परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मनुष्यास त्याच्या वर्णामुळें हलकें लेखणें हें कोणत्याही शास्त्रांत बसत नाहीं.

१९१२ सालीं मुंबई सरकारनें मेडिकल अ‍ॅक्ट (सन १९१२ चा ६ वा) केला. हिंदुस्थानांतील या जातीचा हा पहिला कायदा. बंगाल व मद्रास यांचे कायदे १९१४ सालीं झाले. यानें मुंबईस मेडिकल कौन्सिल आलें. त्यांत कांहीं सभासद सरकारनियुक्त व कांहीं निवडलेले असत. वैद्य व हकीम यांच्या धंद्यास या कायद्यानें बंदी केली नाहीं. इंग्रजी कायद्याप्रमाणेंच येथेंही नोंद नसलेल्यास औषध देण्याची मनाई नव्हती. मग वैद्यांस तक्रार करण्याचें कारण काय?

कारण कायद्याच्या शब्दांत नसून त्याच्या व्यवहारांत होतें. सरकारमान्य दाखला फक्त नोंदलेल्या डॉक्टराचा. नोकरास आजारपणाची रजा हवी, विद्यार्थ्यास परीक्षेची सवलत हवी, तर वैद्याचें औषध घेऊनही दाखल्यासाठीं डॉक्टराकडे जावें लागे. रोगी वैद्याचा, सही डॉक्टराची, अशी अवस्था झाली. शिवाय म्युनिसिपालिट्या व लोकलबोर्डें यांचे दवाखाने नोंदलेल्यांकडेच जाणार हें उघड होतें. बंदी न घालतां धंदा कसा बंद पडतो, याचें हें उदाहरण आहे.

६

याच्या आधींच वैद्यमंडळी जागी झाली होती. शंकर दाजी शास्त्री पदे यांनीं १९०७ सालीं नाशिक येथें अखिल भारतीय आयुर्वेद संमेलनाचा पाया घातला, व त्याच चळवळींतून आयुर्वेद विद्यापीठ निघालें. पदेशास्त्री १९०९ सालीं अवघ्या बेचाळिसाव्या वर्षीं वारले. पण त्यांनीं लावलेलें रोप जगलें. या विद्यापीठानें परीक्षा ठरविल्या. भिषक्, विशारद, आचार्य अशा पदव्या ठेवल्या. आमच्या मतें हें पाऊल अत्यंत महत्त्वाचें आहे. सरकारनें मागितलें नसतांना वैद्यांनीं आपण होऊन आपल्यावर परीक्षेचा भार घेतला. अहमदनगरास वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांनीं १९१७ सालीं आयुर्वेद महाविद्यालय काढलें. पुण्यास १९३३ सालीं टिळक आयुर्वेद महाविद्यालय निघालें. गुरुगृहाच्या ओटीवर चालणारें अध्यापन अशा रीतीनें वर्ग, वेळापत्रक व उत्तरपत्रिका यांत आलें.

इकडे मेडिकल कौन्सिलाच्या नीतिनियमांतून एक नवीन कलह उत्पन्न झाला. नोंदलेल्या डॉक्टरानें नोंद नसलेल्या मनुष्याच्या धंद्यावर आपल्या नांवाचें पांघरूण घालूं नये, असा एक इंग्रजी संकेत होता. अर्धशिक्षित कंपौंडरास डॉक्टर म्हणून बसविण्याचा प्रकार थांबावा हा त्याचा मूळ हेतु, व तो योग्यच होता. परंतु आयुर्वेदाच्या पाठशाळेंत शारीर शिकविणारा किंवा तिच्याशीं अन्य संबंध ठेवणारा डॉक्टरही याच नियमाखालीं येतो, असा अर्थ लावण्यांत आला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मुंबई व मद्रास या दोन्ही इलाख्यांत अशा डॉक्टरांस कौन्सिलापुढें जाब द्यावा लागला. ज्यांस दोन्ही शास्त्रें येत होतीं व जे दोहोंमधील सेतु होऊं शकले असते, त्यांच्यावरच हा प्रहार झाला. या नियमास आम्ही वैद्यकांतील सोंवळें म्हणतों. कारण त्यांत दोष ज्ञानाचा नसून स्पर्शाचा मानला होता.

१९१६ सालीं मध्यवर्ती सरकारनें वैद्यकीय पदव्यांचा कायदा केला. पाश्चात्य वैद्यकाच्या पदव्या अधिकृत संस्थांनींच द्याव्या, असा त्याचा आशय. आयुर्वेद, युनानी व होमिओपाथी यांस त्यांतून स्पष्ट वगळलें होतें. वगळणें हें एका अंगानें अभय होतें, दुसऱ्या अंगानें बहिष्कार. वैद्यांत यावरून दोन पक्ष पडले. एकाचें म्हणणें, सरकारनें आम्हांस सोडलें हें बरेंच झालें. विद्या गुरुमुखी आहे, तिला कचेरीची मोहर कशाला? दुसऱ्याचें म्हणणें, मोहर नसेल तर पुढच्या पिढींत कोणी वैद्य होणार नाहीं. म्हणून आमचेंही नोंदबुक हवें. याच्याच जोडीला शुद्ध आयुर्वेद शिकवावा कीं त्यांत पाश्चात्य शारीर व शस्त्रकर्म मिसळावें, हा वाद होता. नोंदबुक मागणाऱ्यांचा पक्ष हळूहळू प्रबळ झाला.

७

एवढ्यांत डॉक्टरांवरही वैद्यांसारखाच प्रसंग आला. ब्रिटनचें जनरल मेडिकल कौन्सिल १८९२ पासून हिंदी विद्यापीठांच्या वैद्यकीय पदव्या मान्य करीत असे. महायुद्धानंतर त्यानें येथील प्रसूतिशिक्षणास नांवें ठेवून कॉलेजांच्या तपासणीचा आग्रह धरला; व अखिल हिंदुस्थानास एकच नियामक सभा नाहीं, या सबबीवर १९३० सालीं मान्यता काढून घेतली. परक्या नोंदबुकांतून नांव गाळलें जाणें म्हणजे काय, याचा अनुभव मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील उत्तमोत्तम पदवीधरांस त्या वर्षीं आला.

यापूर्वींच, १९२८ सालीं, कलकत्त्यास इंडियन मेडिकल असोसिएशन स्थापन झालें होतें. मुंबईचे डॉ. गोपाळराव देशमुख, बंगालचे डॉ. निलरतन सरकार व डॉ. बिधनचंद्र रॉय यांसारखे पुढारी या पक्षाचे होते. आपल्या शिक्षणाची पारख आपल्याच लोकांनीं करावी, ही त्यांची मागणी स्वाभिमानाची होती. तिचें फळ म्हणून १९३३ चा इंडियन मेडिकल कौन्सिल अ‍ॅक्ट झाला. १९३६ सालीं ब्रिटिश कौन्सिलानें पुन्हां मान्यता देण्यास आरंभ केला.

परंतु या यशाची दुसरी बाजू झांकून चालणार नाहीं. १९३३ च्या कायद्याची कक्षा विद्यापीठाच्या पदव्यांपुरती होती. मेडिकल स्कुलांतून निघालेले लायसेन्शिएट, ज्यांनीं खेड्यापाड्यांतील व तालुक्याच्या गांवांतील दवाखान्यांचा भार वाहिला, ते त्याबाहेर राहिले. विलायतेनें आपणांस पंक्तींतून उठविलें म्हणून ज्यांनीं रास्त तक्रार केली, त्यांच्याच पंक्तींत धाकट्या भावास पाट मांडला गेला नाहीं. लायसेन्शिएटांच्या सभांनीं अर्जविनंत्या केल्या. पण त्यांचा प्रश्न वर्गच बंद करून सोडविला गेला. पुण्याचें बी. जे. मेडिकल स्कूल १९४६ सालीं कॉलेज झालें. त्याच वर्षीं भोर समितीनें एकाच दर्जाचा डॉक्टर असावा अशी शिफारस केली.

८

१९३७ सालीं मुंबई इलाख्यांत बाळासाहेब खेर यांचें मंत्रिमंडळ आलें. आरोग्यमंत्री डॉ. गिल्डर हे स्वतः पाश्चात्य वैद्यकाचे नामांकित तज्ज्ञ होते. त्यांच्या कारकीर्दींत १९३८ चा मुंबई वैद्यव्यवसायी कायदा (सन १९३८ चा २६ वा) झाला. देशी वैद्यकाच्या व्यवसायिकांचें स्वतंत्र नोंदबुक ठेवणारा हिंदुस्थानांतील हा पहिला कायदा मानला जातो. त्यानें देशी वैद्यकाचें मंडळ निर्माण केलें, शिक्षणसंस्था मान्य करण्याचा अधिकार त्यास दिला, आणि नाशिकापासून तीस वर्षें चाललेल्या मागणीस रूप दिलें.

या कायद्याची रचना बारकाईनें पाहण्यासारखी आहे. ज्यांच्याजवळ मान्य परीक्षेचें प्रमाणपत्र त्यांचें नांव नोंदबुकांत. ज्यांच्याजवळ तें नाहीं, पण जे आधींपासून धंदा करीत आहेत, त्यांच्यासाठीं या कायद्यानें व त्याच्या दुरुस्त्यांनीं निराळी यादी ठेवली. म्हणजे परंपरागत वैद्यास दार उघडलें, पण एका पिढीपुरतें. त्याच्या मुलास तीच विद्या त्याच घरीं शिकून यादींत येण्याची सोय राहिली नाहीं. आणि १९१२ च्या कायद्याहून महत्त्वाचा फरक असा कीं, येथें नांव नसलेल्यांच्या धंद्यासच मनाई करण्याची तरतूद आली. इंग्रजी कायद्यानें जें केलें नव्हतें, तें स्वदेशी मंत्रिमंडळाच्या कायद्यानें, स्वदेशी वैद्यांच्या मागणीवरून केलें.

यास आम्ही दोष देत नाहीं. शहरांतून वाटेल तो मनुष्य सुई टोचूं लागला होता; प्रतिबंध आवश्यक होता. परंतु हाड बसविणारे, मोतीबिंदू उतरविणारे, सुइणी, वैदू, गांवांतील कावीळ-विंचवाचें औषध देणारे, ज्यांच्यांत कांहीं ढोंगी होते व कांहीं खरोखर कुशल होते, त्यांची पारख करण्याचें कोणतेंही साधन या व्यवस्थेंत नव्हतें. सुश्रुतानें हातच्या सरावास शास्त्राच्या बरोबरीचा पंख म्हटलें होतें. नोंदबुकास लेखी परीक्षेचा एकच पंख दिसत होता.

९

पुढील हकीकत थोडक्यांत अशी. स्वातंत्र्यानंतर १९५६ सालीं नवा इंडियन मेडिकल कौन्सिल अ‍ॅक्ट आला. महाराष्ट्र राज्यानें १९६१ सालीं देशी वैद्यकाचा व १९६५ सालीं पाश्चात्य वैद्यकाचा स्वतंत्र कायदा केला. १९७० सालीं देशी वैद्यकास मध्यवर्ती परिषद मिळाली. २०१९ व २०२० सालच्या कायद्यांनीं या मध्यवर्ती परिषदांच्या जागीं राष्ट्रीय आयोग आणले. प्रत्येक वेळीं डॉक्टर व वैद्य यांच्या सभा पुढें आल्या. २०१४ सालीं महाराष्ट्रांत होमिओपाथांस एक वर्षाच्या अभ्यासक्रमानंतर आधुनिक औषधें देण्याची मुभा देण्याचें ठरलें, तेव्हां जो वाद पेटला, त्यांतील दोन्ही पक्षांचीं विधानें १९१२ व १९३८ च्या वादांशीं ताडून पाहिलीं तर शब्द बदललेले दिसतात, युक्तिवाद बदललेले दिसत नाहींत.

या सर्व इतिहासावरून अशा मागण्यांची पारख करण्याचे तीन निकष आम्हांस सुचतात. पहिला, मागणी करणारे स्वतःवर कांहीं भार घेतात कीं केवळ दुसऱ्यावर घालतात? आयुर्वेद विद्यापीठाच्या परीक्षा या निकषास उतरतात. दुसरा, बाहेर राहिलेल्या लायक मनुष्यास आंत येण्याची वाट ठेवली आहे काय? १९३३ चा कायदा येथें उणा पडतो, १९३८ चा निम्मा उतरतो. तिसरा, तक्रारीचा निवाडा करतांना रोग्याचें अहित पाहिलें जातें, कीं व्यवसायबंधूंचा मान? सेतु होऊं पाहणाऱ्या डॉक्टरांस जाब विचारणारीं कौन्सिलें या निकषावर टिकत नाहींत. दाराबाहेर उभें असतां जो न्याय मागितला जातो, तो दाराच्या आंत गेल्यावर विसरला जातो; हें या ऐशीं वर्षांत डॉक्टरांकडून घडलें, तसें वैद्यांकडूनही घडलें.

आतां मूळ गोष्टीकडे वळूं. या इतिहासाचीं साधनें कोणतीं? कायद्यांचे मसुदे व कौन्सिलांचीं कामकाजें सरकारी दप्तरांत आहेत. ती एक बाजू झाली. ज्यांनीं अर्ज केले, ज्यांचे अर्ज फेटाळले, ज्यांचें नांव यादींत आलें व ज्यांचें राहिलें, त्यांची बाजू घराघरांतील त्या छापील व हस्तलिखित कागदांतच आहे. एखाद्या वैद्यानें यादींत नांव घालण्यासाठीं केलेल्या अर्जांत आपला गुरु कोण, आपण काय पढलों, किती वर्षें औषध देत आहों, हें लिहिलें असेल, तर ती त्या घराण्याची विद्यावंशावळच होय; पोथीच्या पुष्पिकेइतकेंच तिचें मोल आहे. तिच्या जोडीला त्याच घरचें योगांचें बाड ठेविलें म्हणजे कोणती विद्या परीक्षेच्या चाळणींतून खालीं आली व कोणती वरच राहिली, हें ताडून पाहतां येईल. हें काम आजवर व्हावें तसें झालेलें नाहीं.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी आहे. वैद्यघराण्याचें दप्तर हातीं आलें असतां पोथ्या वेगळ्या काढून उरलेलें टाकून देऊं नये. परिषदांचीं निमंत्रणें, वर्गणीच्या पावत्या, पाठशाळांचीं प्रमाणपत्रें, अर्जांच्या प्रती व त्यांस आलेलीं उत्तरें, नोंदणीचे दाखले, रोगी-औषधांच्या रोजकीर्दी यांची पोथ्यांबरोबरच टांचणी करावी. कोणता कागद कोणत्या बासनांत सांपडला हें नमूद करावें. आणि मूळ मिळत नसेल तर निदान छायाचित्र घेऊन संस्थेकडे द्यावें. रोजकीर्दींत रोग्यांचीं नांवें असतात. तीं प्रसिद्ध करूं नयेत, हा विवेकही पाळावा. एक पिढी उलटली म्हणजे हे कागद सांपडणार नाहींत. पोथीला वाळवी लागते तशी ती कोणास दिसते; रद्दीवाल्याच्या तराजूंत गेलेला कागद मात्र कोणास दिसतही नाहीं.